बियाची गवरी

काशीफळाचं बी शेणात थापून भिंतीला लावायचं असतंय, हे आता सांगितलं तर घरातल्या पोरी नाक दाबतेत. आमच्या येळेला मात्र असंच व्हतं. फळ कापलं की बी काढायचं, राखेत चोळायचं, सावलीला वाळवायचं. मग वल्या शेणाचा गोळा घ्यायचा, त्यात एकेक बी दाबायचं आन गवरीसारखी थाप मारून घरातल्या भिंतीला चिकटवून द्यायचं. शेण वाळलं की आतल्या बियाला उंदीर लागत न्हाई, कीड लागत न्हाई, वल लागत न्हाई. पेरायच्या टायमाला गवरी काढायची, हातानं चुरायची, बी मोकळं करायचं. त्याला ना डबा लागतो ना पिशवी.

माझं बी माहेरचं. माझं माहेर नायगावकडं, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठाला. तिकडं ह्याला गंगाफळ म्हणतेत. लग्न होऊन मी इकडं देवणीच्या अलीकडं आले, तर हिकडची माणसं काशीफळ म्हणायची. फळ तेच, लाल भोपळा. माझ्या आईकडचं फळ बुटकं, घागरीच्या बुडासारखं, आन शिजवलं की पिठूळ. गूळ घालायची गरज पडायची न्हाई. मला वाटं लावताना आईनं बियाची एक गवरी फडक्यात बांधली आन माझ्या पुढं भुईला ठिवली. हातात दिली न्हाई. बी हातातून हातात देत न्हाईत. ठिवायचं, मग घेणारनीनं उचलायचं. एसटीत ती गवरी मी मांडीवर घेऊन बसले. बाजूची बाई म्हणली, शेण घिऊन सासरला चालली का गं पोरी, सासरी जनावरं न्हाईत का. सगळी गाडी हसली. मला तवा रडू येऊन राहिलं व्हतं.

सासरी घर लहान, पण मागं परसू व्हता. दोन बाजल्यांची जागा म्हणा. एका अंगाला न्हाणीचा दगड, त्याचं पाणी परसूत जायाचं. शिमगा झाला की ऊन तापायला लागतं, त्या टायमाला मी परसूत माळवं लावायची. गवार, भेंडी, दोडका, आन न्हाणीच्या पाण्याच्या वाटंवर काशीफळाचं आळं. शिमगा आमच्यात करत नव्हते. माझ्या सासऱ्यानं धम्म घेतल्यावर घरातले देव टोपल्यात घालून नदीला सोडून आले व्हते, तवापासून सणवार बंद. पण सासू म्हणायची, देव गेले तर गेले, बियाचे नेम कुठं जातेत. तिचे नेम लई व्हते. बी टोक खाली करून दाबायचं. लावताना कुणाशी बोलायचं न्हाई. आन उपाशी पोटानं तर बी लावायचंच न्हाई. उपाशी बाईनं लावलेला येल जन्मभर उपाशी ऱ्हातो म्हणायची, कितीबी पाणी घाला. शिमगा ते बाबासाहेबांची जयंती, एवढ्यात बी भुईत गेलं पायजे. जयंतीच्या मिरवणुकीला आमच्या वस्तीतली पोरं नाचायची तवा माझ्या येलाला दोन पानं आलेली असायची.

एक नेम माझ्या आईचा व्हता. ती म्हणायची, मागून आणलेलं बी रुसतं, चोरून आणलेलं बी रुजतं. माहेराला बाया एकमेकीच्या परसूतून बी चोरायच्या आन जिचं चोरलं ती गालात हसायची. म्हणजे आपलं बी चांगलं म्हणून कुणी तरी नेलं.

हिकडं सासरी माझ्या शेजारनीनं एकदा माझं काशीफळ नेलं. बी न्हाई, अख्खं फळ. तिच्या परसूत आन माझ्या परसूत नुसती तुराट्यांची कूड व्हती, येल कूड चढून पलीकडं गेला आन फळ तिच्या अंगाला धरलं. एक दिवस बघते तर देठ कापलेला. नवी लग्नाची व्हते, राग लई. मी कुडीला तोंड करून, नाव न घेता, जेवढं तोंडात आलं तेवढं बोलले. तिनं पलीकडून भांडी आपटली. तवापासून आमचा अबोला. आडावर समोरासमोर आलो तरी ती आभाळाकडं बघायची, मी भुईकडं. माझी सासू मात्र तिच्याकडं जायाची, बसायची, तंबाखू मळून घ्यायची. म्हणायची, तुमचा अबोला तुमच्यापाशी, माझ्या तोंडाला कुलूप कशाला.

मग ते साल आलं, लातूर जिल्हा झाला ते. त्याच्या आधी आमचा जिल्हा तिकडं धाराशिवला, लांब. कुणाला कचेरीचं काम निघालं तर भाकरी बांधून दोन दिवसाच्या वाटंनं जायाचं. लातूर जिल्हा झाला तवा चावडीपुढं नारळ फोडले, गुळाचे खडे वाटले. माझ्या सासूनं गुळाचा खडा तोंडात टाकला आन म्हणली, "जिल्हा झाला, बरं झालं. आता त्यो पाऊस कोणत्या कचेरीत अडकलाय ते तेवढं इचारा."

कारण पाऊस न्हवताच. एक साल थोडा आला, ज्वारी कमरेएवढी झाली आन वाळली. दुसऱ्या साली तेवढाबी न्हाई. आधीच्या उन्हाळ्यात म्या आळं केलं व्हतं, पण येल पसरायच्या आधीच जळाला. फळ धरलंच न्हाई. म्हणजे नवं बी आलं न्हाई. भिंतीला जुनी एक गवरी उरली व्हती, चुलीच्या वरच्या अंगाला, तेवढीच. काशीफळाचं बी दोन-तीन सालं दम धरतं, पुढं आतून पोकळ होतं. वरून चांगलं दिसतं, चिमटीत दाबलं की चपटं. म्हणजे ह्या उन्हाळ्यात लावलं तर लावलं, न्हाई तर आईचं बी संपलं. तवा आई ऱ्हायली नव्हती. माहेरचा परसू भावानं मोडून तिथं खोली घातली व्हती. दुसरीकडून आणावं म्हणलं तर जागा नव्हती.

घरात आम्ही तसे थोडे. मी, सासू, दोन लेकरं. पोरांचे बाप लातूरला गेले व्हते. नवा जिल्हा झाला म्हणून तिथं कचेऱ्या बांधायला लागले, साहेब लोकांची घरं बांधायला लागले. आमच्या वस्तीतले धडधाकट गडी सगळे एका गुत्तेदाराच्या मागं गेले. गावात म्हातारे, लेकरं आन बाया ऱ्हायल्या. गाय व्हती एक, देवणीची, अंगावर काळे ठिपके. तिला चारा न्हाई म्हणून पोरांच्या बापानं जाताना बाजाराला नेली. गाय गेली तसं घरातलं शेण गेलं. दूध जातं तवा माणसाला कळतं, शेण गेलेलं उशिरा कळतं. भुई सारवायला शेण न्हाई. चुलीला गवरी न्हाई. शेतात पऱ्हाट्या न्हाईत, तुराट्या न्हाईत, जळण आणायचं कुठून. थोरली पोर माळावरनं बाभळीच्या काटक्या येचून आणायची. तिच्या हाताला कायम काटे.

मी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायाची. रस्त्याचं काम व्हतं. सकाळी पोरांना सासूपाशी सोडून जायाचं, सांजच्याला यायचं. सासूच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला व्हता. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरनं कळायचं. पण भाकरी तीच करायची. हाताला सवय व्हती. मी नको म्हणायची तर म्हणायची, डोळे गेलेत, हात तर हायेत.

शिमगा झाला. म्या मनात धरलं, बी लावायचंच. पाणी न्हाई ते मला कळत व्हतं. आडाचं पाणी आटलं व्हतं, टँकर यायचा, कधी एक दिवसाआड, कधी तेबी न्हाई. नवा जिल्हा झाला म्हणून टँकर तरी येऊन राहिला, असं लोक म्हणायचे. पण मी म्हणलं, न्हाणीचं पाणी तर निघतंच, थोडं का व्हईना. येत्या सुट्टीच्या दिवशी गवरी काढते, बी ताकात भिजवते. ताक न्हाई, तर नुसत्या पाण्यात भिजवते.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मी कामावरनं घरी आले. सासू चुलीपुढं बसलेली, तव्यावर भाकरी. लेकरं ताटल्या घेऊन बसलेली. मी दारातच चप्पल काढून राहिले व्हते तवा सासू म्हणली, "आज कसली गवरी लागली बाई हाताला. फुटाण्यासारखी उडायली. वली व्हती का काय."

चुलीत तडतड चालू व्हती. एक बी उडून चुलीच्या भायेर पडलेलं. काळं झालेलं.

म्या भिंतीकडं बघितलं. भिंतीवर नुसता गोल डाग व्हता.

तिनं जळणासाठी भिंत चाचपली व्हती, आधीच्या सालच्या दोन-तीन गवऱ्या कोपऱ्यात लावलेल्या असतेत तसं तिला वाटलं, हाताला गवरी लागली, वढली. गवरी ती गवरी. वरनं सगळ्या सारख्याच. मी खाली बसले आन ते जळालेलं बी उचललं. सासूनं मान माझ्याकडं फिरवली. मी बोलत न्हाई म्हणल्यावर तिला कळलं. तिनं हात भिंतीवर न्हेला, त्या डागावर फिरवला. मग हात मांडीवर ठिवला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली न्हाई. थोरलीनं उलटली.

त्या दिवशी सासू जेवली न्हाई. म्या म्हणलं, आत्याबाई, जेवा. तर म्हणली, "माझ्या पोटात तुझ्या आईचं बी गेलंय. आता जागा न्हाई."

मी म्हणलं, जाऊ द्या. दुष्काळात माणसं जातेत, बियाचं काय घिऊन बसता. पण ते मी नुसतं म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. सकाळी सासू काठी घिऊन शेजारनीकडं गेली. लई येळ आली न्हाई. मी परसूत बसून राहिले व्हते. आळं खणून ठिवलं व्हतं दोन दिवस आधी, राख टाकली व्हती. रिकामं आळं बघत बसले. मग कुडीच्या पलीकडं शेजारीण आली. तिच्याकडं एक शेळी उरली व्हती. ती शेळीला पाला टाकायला आली, आन शेळीशी बोलायला लागली. माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

"काय गं रंडके," शेळीला म्हणली, "आता आमच्या घरात चोऱ्या होणार म्हणं. मी आत्ता आडाकडं चालले टँकरची वाट बघायला. दार नुसतं वढून घेते, कडी लावत न्हाई. रांजणाच्या मागल्या भिंतीला दोन गवऱ्या हायेत. मी काय मोजून ठिवल्यात व्हय. एखादी गेली तरी मला कळायचं न्हाई."

शेळीनं पाला खाल्ला. शेजारीण घागर घिऊन निघून गेली.

मला पहिल्यांदा कळलंच न्हाई, ती काय सांगून राहिली ते. मग ध्यानात आलं. ते फळ जे तिनं नेलं व्हतं, त्याचं बी तिनं ठिवलं व्हतं. दरसाल लावत व्हती. कुडीच्या पलीकडं तिच्या येलाला जे काशीफळ धरायचं, बुटकं, घागरीच्या बुडासारखं, ते मी एवढ्या वर्षात बघत व्हते आन बघूनबी रागानं बघत नव्हते. माझ्या आईचं बी तिच्या भिंतीला व्हतं. आधीच्या उन्हाळ्यात तिची न्हाणी सावलीच्या अंगाला, वल धरणारी, म्हणून तिला एक फळ धरलं व्हतं.

सासू काठी टेकत आली. मला म्हणली, "बसलीस काय. जा. दिवसाढवळ्या चोरी करायची तर लवकर करावी."

मी गेले. पदर घेतला डोक्यावर, काय लाज वाटली देव जाणे. माझं वय काय चोरी करायचं व्हतं? दार लोटलं. घर थंड व्हतं, मातीचा वास. रांजणामागं दोन गवऱ्या. एक काढली, पदराखाली धरली आन पळत आले. वाटंत दोघी म्हाताऱ्या बसलेल्या, त्यांनी बघितलं आन एकमेकीला कोपर मारलं. मागून कुणी तरी म्हणलं, चोर चालली बघा शेण घिऊन. लई दिवसांनी वस्तीत कुणी हसलं व्हतं.

घरी गवरी चुरली. बी चांगलं निघालं, भरीव. चिमटीत धरून बघितलं. पाण्यात भिजवलं, रुईच्या पानात गुंडाळलं.

लावायच्या दिवशी सकाळी पीठ थोडंच व्हतं. लेकरांना भाकरी झाली, एक उरली. मी म्हणलं, तुम्ही खा आत्याबाई, मी लावते बी, मग बघू. तिनं भाकरी मोडली न्हाई, अख्खी माझ्या पुढं सरकवली.

"तू खा. मग लाव."

"आन तुम्ही?"

"मी बी लावणार हाय का?"

मी खाल्ली. कोरडी भाकरी, मिरचीचा ठेचाबी न्हाई. ती समोर बसून ऐकत व्हती मी चावते का न्हाई ते. सगळी संपली तवा उठली. मग म्या आळ्यात बी दाबलं, टोक खाली, तोंड बंद. आज कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला वाटतं पोट भरून लावलेला तेवढा एकच येल व्हता त्या सालात, सगळ्या गावात.

पाण्याचं काय. टँकर आला की वस्तीतल्या बाया बिंदग्या, घागरी घिऊन पळायच्या. आमच्या वाट्याला मोजकं पाणी. प्यायचं बाजूला ठिवलं की उरतं ते भांड्याला आन अंगाला. भांड्याचं राखेचं पाणी आळ्याला. पिठाचा हात धुतलेलं आळ्याला. सासू आधी न्हाणीच्या दगडावर बसून अंग धुवायची. आता तिनं तो दगड थोरलीकडनं उचलून आळ्याच्या काठाला आणायला लावला. म्हणली, न्हाणीतनं इथपर्यंत येता येता अर्धं पाणी वाटंतच पितं भुई. एक तांब्या पाणी घ्यायची, आळ्याच्या काठाला बसायची, लुगडं गुडघ्याला गुंडाळून, आन थेंब थेंब अंगावर सोडायची. आंघोळ कसली, अंग वलं करायची. तिला गार सोसत नव्हतं, ऊन पडलं नसलं तर कुडकुडायची. पण चुकवलं न्हाई. मी एकदा म्हणलं, रोज नका, तुमचं अंग दुखतंय. ती म्हणली, मी आंघोळ करायली, तुझ्या येलाशी माझा काय संबंध.

तीन बी उगवली. एक कोंबडीनं उकरलं. एक आपोआप मान टाकून गेलं. एक ऱ्हायलं. त्याला पानं आली, बाळाच्या तळहातासारखी, केसाळ. सासू त्याला हातानं बघायची. रोज चाचपून सांगायची, आज एक नवं आलंय. उन्हात पानं लोळायची तशी तिला वाटायचं गेला येल. सांजच्याला परत उभा ऱ्हायचा. मी सांगायची, उभाय आत्याबाई. ती मान हलवायची.

जयंती झाली. मिरवणूक निघाली न्हाई त्या साली, पोरं सगळी कामाला गेलेली. निळा झेंडा तेवढा नवा लावला. येल कुडीला लागला. पिवळी फुलं आली, नुसती पोकळ फुलं, फळाचं फूल एकबी न्हाई. मग एक आलं, बुडाला लिंबाएवढी गाठ घिऊन. शेजारीण कुडीपलीकडून बघत असायची. तिनंबी एक दिवस तिचं भांड्याचं पाणी कुडीखालनं माझ्या आळ्याला सोडलं. शेळीला म्हणली, सांडलं गं हातातनं. दुसऱ्या दिवशीबी सांडलं. मी तिला अक्का म्हणून हाक मारली, कितीतरी वर्षांनी. ती म्हणली, "काय गं चोरटे." एवढंच. तवापासून बोलायला लागलो.

फळ धरलं. एकच. बाकीचा येल तेवढ्यातच दमला. मी ठरवलं, हे खायचं न्हाई, लेकरं रडली तरी खायचं न्हाई. बियाला सोडायचं. देठ वाळेपर्यंत, नख लावलं तर साल रुतणार न्हाई तोवर. त्याला अजून लई दिवस लागणार व्हते.

आन तवाच लातूरहून निरोप आला. पोरांच्या बापानं एका माणसाकडनं सांगून पाठवलं, हितं खोली मिळाली, पत्र्याची हाय, पण नळ जवळ हाय. बायांनाबी घमेलं उचलायचं काम हाय. सगळे निघून या. गावात टँकर यायचाबी बंद होणार म्हणं, हमीचं काम संपत आलंय.

सगळ्या वस्तीतनं बिऱ्हाडं निघाली व्हती. मला जावंच लागणार व्हतं. ताटलीत काय वाढायचं लेकरांच्या? मी सासूला म्हणलं, चला, गाठोडं बांधू. ती आळ्याच्या काठाला बसलेली, तांब्या हातात.

"तू जा लेकरांना घिऊन."

"आन तुम्ही?"

"माझी आंघोळ हितं हाय."

लई समजावलं. डोळ्याला दिसत न्हाई, कोण भाकरी घालील, काय झालं तर कुणाला हाक मारणार. ती ऐकूनच घेत नव्हती. शेवटाला शेजारीण आली, म्हणली, मी हाय, माझा गडीबी तिकडंच गेलाय, पण मी शेळी सोडून जाणार न्हाई. दोघी म्हाताऱ्या एका चुलीवर खाऊ. सासू म्हणली, "म्हातारी तू असशील. मी नुसती आंधळी हाय."

मी निघाले. एसटीच्या मागल्या काचेतनं घर दिसायचं तवर बघितलं. परसू काय दिसला न्हाई, तो मागं व्हता.

लातूरला नवा जिल्हा म्हणजे नुसती खणलेली भुई. जिकडं बघावं तिकडं इटा, रेती, चुन्याची फक्की. मी घमेलं उचलायची, एका लांब कचेरीच्या खोल्या बांधून राहिलो व्हतो. कुणाची कचेरी ते मला म्हाईत न्हाई. नळाला रांग, रांगेत शिव्या, पण पाणी तरी व्हतं. तिथं पहिल्या दिवशी मी पोटभर पाणी पिले आन सासूचा एक तांब्या आठवला. पत्र्याच्या खोलीत भिंतच न्हाई, गवरी कुठं थापणार. रोज वाटायचं, फळ गेलं असल. शेळीनं खाल्लं असल, न्हाई तर भुकेनं त्या दोघींनीच खाल्लं असल. खाल्लं असल तर बरंच, असंबी वाटायचं. मग दुसऱ्या दिवशी तसं वाटायचं न्हाई. गावचा कुणी आला की मी आधी सासूचं इचारायची, मग फळाचं. लोकांना वाटायचं, ह्या बाईला येड लागलंय.

निरोप आला तो सासूच्या दुखण्याचा. ताप, उठता येईना. पोरांच्या बापाला सुट्टी न्हाई, मी एकटीच गेले, धाकट्याला कडेवर घिऊन. गावात शिरले तर वस्ती अर्धी कुलपं. मी आधी घरात न जाता परसूत गेले. माझं मलाच कळलं न्हाई. येल वाळून सुतळी झालेला. फळ न्हाई. देठ कापलेला, अगदी त्या पहिल्या चोरीच्या येळेसारखा, विळ्यानं सरळ.

मी घरात आले. सासू भुईवर वाकळंवर पडलेली, वाळून काटकी झालेली. डोक्याखाली उशी न्हाई, लुगड्यात गुंडाळलेलं कायतरी गोल. मी हात लावला तर कडक लागलं. फळ व्हतं. देठ वाळला तशी तिनं शेजारनीला कापायला लावलं व्हतं, आन तवापासून उशाला घिऊन झोपत व्हती, कुणी न्हेऊ नये म्हणून.

"आलीस," ती म्हणली. "हे वाजवून बघ. आतून मोकळं वाटतंय का."

मी बोटानं वाजवलं. पोकळ आवाज आला, पक्क्या फळाचा.

शेजारनीनं विळी आणली. कापलं. फळ ल्हान, पण आत बी भरलेलं. सासूनं हात पुढं केला, म्या बी भुईवर ठिवलं, तिनं उचललं, चिमटीत दाबून बघितलं. एकेक. मग म्हणली, अर्धं हिला द्या, हिच्या घरचं हाय. शेजारीण म्हणली, माझ्या घरचं कसलं, मी चोरलेलं. सासू म्हणली, तेच तर.

गर शिजवला. सासूनं दोन घास खाल्ले. पिठूळ व्हता, आईच्या हातचा व्हता तसाच.

शेण मिळायला तकलीफ झाली. गावात जनावरच उरलं नव्हतं. वरच्या आळीला एकांची बैलजोडी व्हती, तिथनं शेजारनीनं पाटीत थोडं आणलं. त्याच्या चार गवऱ्या झाल्या. दोन बियाच्या, दोन नुसत्या जळणाच्या, कारण चुलीलाबी काय तरी पायजेच व्हतं. मी थापून राहिले व्हते तवा सासू म्हणली, थांब. तिनं माझा हात चाचपला. खडी फोडताना माझ्या बांगड्या फुटायच्या, हातात दोनच हिरव्या उरल्या व्हत्या, त्यातली एक तडकलेली. ती तिनं कट्कन मोडली आन तुकडे माझ्या तळहातावर ठिवले. म्हणली, बियाच्या गवरीत एकेक दाब. वरून हाताला लागला पायजे.

म्या दोन्ही गवऱ्यांत एकेक तुकडा दाबला, थोडा वर ठिवून. वाळल्यावर चारी गवऱ्या चुलीच्या वरच्या भिंतीला लावल्या.

सासू त्या दुखण्यातनं उठली, पण पयल्यासारखी न्हाई. मी तिला लातूरला न्हेलं न्हाई, ती आली न्हाई. पुढं थंडी पडली तवा गेली. शेवटी मीच व्हते जवळ.

ती थोडी बरी झाली त्या दिवसाचं एक ध्यानात हाय. मी पीठ मळत व्हते, चूल विझायला आली व्हती. ती बसल्या जागंवरनं सरकत भिंतीपाशी गेली, हात वर केला, चाचपलं. पहिल्या गवरीवर बोट फिरवलं, बांगडीचा तुकडा लागला. बोट तिथंच थांबलं. मग हात बाजूला सरकवला, दुसरी बघितली, तिथंबी तुकडा. मग तिसरी. तिथं काय लागलं न्हाई. तरी तिनं परत एकदा सगळीकडनं चाचपून बघितलं, कडंकडंनं, मधी.

"ही बघ बरं तू," म्हणली. "ही जाळायची का?"

मी उठून बघितलं. म्हणलं, हाव, जाळा.

मग तिनं ती वढली.